२३,६०२ रुपये कसले, तेवढं सांगा

प्रति,
मा. आयुक्त, तसेच करआकारणी व करसंकलन विभाग,
महानगरपालिका

विषय: घरपट्टीचं बिल, त्यात न दाखवलेला हिशोब आणि तुमची चूक आम्ही का निस्तरायची याबद्दल.

महोदय,

शहराचं नाव वर घातलेलं नाही, ते विसरून नव्हे. नाव, पत्ता, मालमत्ता क्रमांक आणि सहीसकट हेच पत्र मी तुमच्या आवक-जावक खिडकीवर दिलंय आणि शिक्क्याची पोच माझ्या फायलीत आहे. चारचौघांनी वाचायच्या या प्रतीतून तेवढं गाळलं, कारण मला कोणा एका कारकुनाची बदली करवायची नाही. शिवाय दुसऱ्या शहरातल्या कोणी हे वाचून कपाटातलं आपलं बिल काढून बघितलं, तर मला हवंच आहे.

मी कोण ते आधी सांगतो. एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालो, त्याआधी एकोणीस वर्षं कंडक्टर होतो. तिकिटांचा ट्रे, पंच आणि वेबिल, एवढाच आमचा संसार. गाडी पुढच्या टप्प्याला लागली की कोणत्या किमतीचं कितव्या नंबरपर्यंतचं तिकीट फाटलं ते वेबिलात मांडायचं. रात्री डेपोत वेबिल आणि रोकड जुळली नाही, तर कमी पडलेले पैसे स्वतःच्या खिशातून. एसटीचा टप्पा सहा किलोमीटरचा. प्रवाशाने ‘मास्तर, एवढे कसे?’ असं विचारलं की तक्ता काढून दाखवायचा: इतके टप्पे, इतकं भाडं. गाडीत पाय ठेवायला जागा नसायची, मागून घंटीची दोरी कोणीतरी ओढत असायचं, तरी दाखवायचा. कारण तिकिटाचे पैसे मागणारा मी होतो आणि मागणाऱ्याने हिशोब सांगायचा असतो, एवढं आम्हाला पहिल्या दिवशी शिकवलं होतं.

आता तुम्ही माझ्याकडे २३,६०२ रुपये मागितले आहेत.

मागच्या वर्षीपर्यंत माझ्या फ्लॅटची घरपट्टी वर्षाला २,८३० रुपये होती. इमारत जुनी, दुसरा मजला, लिफ्ट नाही. एकही वर्ष थकबाकी नाही; सगळ्या पावत्या एका जुन्या मिठाईच्या डब्यात वर्षवार लावलेल्या आहेत. ११ जुलैला नवं बिल आलं. बायकोने चष्मा पुसून दोनदा वाचलं आणि म्हणाली, ‘मधलं टिंब छापायचं राहिलं असेल.’ मलाही क्षणभर तसंच वाटलं.

बिलावर कायकाय छापलंय ते बघा. सामान्य कर, अग्निशमन कर, वृक्ष कर, पाणीपुरवठा लाभ कर, मलनिस्सारण लाभ कर, पथ कर, शिक्षण कर. ओळी भरपूर, प्रत्येकीसमोर आकडा, आणि वर एक शब्द: करयोग्य मूल्य. हे मूल्य कुठून आलं याबद्दल अख्ख्या कागदावर अक्षर नाही. क्षेत्रफळ नाही, दर नाही, वापर काय धरला ते नाही, बांधकामाचं वर्ष नाही. मागच्या बाजूला मात्र जप्तीची कलमं बारीक अक्षरात, न चुकता. (वृक्ष कराबद्दल एवढंच: तो १९७५ च्या झाडं जपायच्या कायद्यातून येतो. आमच्या गल्लीतलं एकुलतं एक झाड मागच्या पावसाळ्याच्या तोंडावर ‘धोकादायक’ म्हणून कापलं गेलं. तुमच्याच माणसांनी कापलं.)

चार खेपा घातल्यावर तुमच्या कार्यालयातल्या एका वयस्कर लिपिकाने मला हिशोब समजावून दिला. टेबलावर पडलेल्या जुन्या पावतीच्या पाठीवर, बॉलपेनने, पाच मिनिटांत. त्या माणसाचे माझ्यावर उपकार आहेत. तो कागद मी घडी करून पाकिटात ठेवलाय आणि त्यावरचा मजकूर इथे जसाच्या तसा उतरवतो, म्हणजे आणखी कोणाच्या चार खेपा वाचतील.

तुमच्याकडे घरपट्टी अजून भाडेमूल्यावर लागते. म्हणजे हे घर भाड्याने दिलं असतं तर वर्षाला किती भाडं आलं असतं, तो अंदाज धरायचा. प्रत्यक्षात दर ठरलेले असतात, दर चौरस मीटरला दरमहा इतके. माझं जुनं क्षेत्रफळ ५२ चौरस मीटर, दर १२ रुपये. महिन्याचे झाले ६२४, वर्षाचे ७,४८८. त्यातून दुरुस्तीपोटी दहा टक्के वजा करायचे, ही सूट कायद्यातच आहे. राहिले ६,७३९. हे करयोग्य मूल्य. त्यावर सगळ्या करांची बेरीज ४२ टक्के, म्हणजे २,८३०. संपला हिशोब. सातवीतल्या पोराला येईल.

आता नवा. क्षेत्रफळ ७१, दर २४. महिन्याचे १,७०४, वर्षाचे २०,४४८, दहा टक्के वजा जाता १८,४०३. त्याचे ४२ टक्के ७,७२९. जुन्यात आणि नव्यात फरक ४,८९९ रुपयांचा. हा फरक मागच्या तीन वर्षांचा लावला: १४,६९७. त्यावर एप्रिल ते जुलै चार महिन्यांची शास्ती, दरमहा २ टक्क्यांनी: १,१७६. तिन्हींची बेरीज २३,६०२. बेरीज चोख आहे, तक्रार नाही. वेबिल जुळलं. पण तिकीट भलत्याच प्रवाशाचं फाटलंय.

कसं ते ऐका. मागच्या वर्षी तुम्ही नेमलेल्या एजन्सीचा मुलगा सर्वेक्षणाला आला. हातात टॅब, दुसऱ्या हातात लेझरने अंतर मोजायचं छोटं यंत्र. आम्ही दोघं त्या दिवशी गावी, पुतणीच्या लग्नाला. घरात भाचा होता. एमपीएससीचा अभ्यास करायला आमच्याकडे राहिलेला. त्या मुलाने विचारलं, ‘मालक आहेत का?’ भाचा म्हणाला, ‘नाहीत, गावी गेलेत.’ टॅबवर नोंद झाली: भोगवटा, भाडेकरू. दर १२ चा २४ झाला तो या एका वाक्याने. मग त्याने मोजमाप घेतलं, भाच्याच्या म्हणण्याप्रमाणे आठ-दहा मिनिटांत. उघडी बाल्कनी धरली, जिन्यासमोरची सामाईक जागा धरली, आणि मधल्या खोलीवरचा माळा, ज्यात माणूस बसूही शकत नाही, तोही धरला असावा, नाहीतर ७१ चा मेळ लागत नाही. ‘असावा’ म्हणतोय, कारण मोजमापाचा नकाशा मला आजतागायत कोणी दाखवलेला नाही.

मी एकटा असतो तर गप्प बसलो असतो, असं म्हणत नाही, पण पत्र लिहायला बसलो ते तळमजल्यावरच्या वहिनींमुळे. नवरा वारल्यापासून त्या घरी फॉल-पिको करतात. बाहेरच्या खोलीत खिडकीशी एक मशीन, पायाने चालवायचं. दारावर पाटीसुद्धा नाही. सर्वेक्षणात ती खोली ‘बिगरनिवासी’ झाली. बिगरनिवासी दर वेगळा, तो तर लागलाच. वर बिलात एक ओळ वाढली: रोजगार हमी कर. हा फक्त बिगरनिवासी मालमत्तेवर लागतो आणि शिक्षण करासारखा तोही राज्य सरकारचा, तुम्ही फक्त गोळा करून पुढे पाठवता. गावाकडच्या मजुराला काम मिळावं म्हणून बसवलेला हा कर, आणि तो वसूल होतोय साडीला चाळीस-पन्नास रुपयांत फॉल लावून घर चालवणाऱ्या बाईकडून. त्या माझ्याकडे बिल घेऊन आल्या तेव्हा त्यांचा प्रश्न एकच होता: ‘भाऊजी, मशीन विकून टाकलं तर हे कमी होईल का?’

हे उत्तर मी का द्यायचं?

आता शास्ती या शब्दाबद्दल. तुमच्या बिलात तो दोन ठिकाणी दोन अर्थांनी येतो आणि कुठला कुठला ते लिहिलेलं नसतं. एक, वेळेत न भरल्याची दरमहा २ टक्के. म्हणजे वर्षाला २४. बँकेचं घरकर्ज याहून बरंच स्वस्त पडतं. दुसरी, महापालिका अधिनियमाच्या कलम २६७अ मधली, अनधिकृत बांधकामावर लागणारी. माझ्या बिलावर नुसतं ‘शास्ती रु. १,१७६’ एवढंच. वरच्या मजल्यावरच्या शिक्षकाच्या बिलावरही तशीच ओळ. त्या बिचाऱ्याने आठवडाभर बिल्डरच्या ऑफिसला फेऱ्या मारल्या, पूर्णत्वाचा दाखला शोधला, कारण कोणीतरी त्याला सांगितलं की शास्ती म्हणजे इमारत बेकायदा. एका शब्दाने माणसाची झोप जाते. आणि ‘देयक’, ‘भोगवटा’, ‘करयोग्य’ ही मराठी आहे हे खरं, पण ती कार्यालयातल्या माणसांनी कार्यालयातल्या माणसांसाठी केलेली मराठी आहे. आमच्याकडे ‘घरपट्टीचं बिल’ म्हणतात.

माझ्यावर शास्ती का, हेही कळत नाही. जो फरक पहिल्यांदा जुलैच्या बिलात मागितला, तो मी एप्रिलमध्ये कसा भरायचा होता? न मागितलेले पैसे न दिल्याचा दंड. आणि मुळात मागची तीन वर्षं तरी कशासाठी? आकारणीतून सुटलेल्या मालमत्तेसाठी मागे जायची सोय कायद्यात आहे, कबूल. माझं घर सुटलं कुठे? तुम्हीच बिल पाठवलंत, तुम्हीच पैसे घेतलेत, तुमचाच शिक्का असलेल्या पावत्या डब्यात आहेत. शिवाय त्या तीन वर्षांतलं दीड वर्ष भाचा बारामतीला कॉलेजात होता. तेव्हाचा भाडेकरू कोण?

तुमची बाजू मला माहीत नाही असं नाही. पूर्वी महापालिकांचं पोट जकातीवर चालायचं. ती गेली, एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कर आला. १ ऑगस्ट २०१५ पासून तोही बहुतेक व्यापाऱ्यांपुरता उठला. २०१७ ला जीएसटी आला आणि तुम्ही राज्याच्या भरपाईच्या हप्त्याकडे डोळे लावून बसलात. स्वतःच्या हातात म्हणावा असा मोठा कर उरला तो हाच. पंधराव्या वित्त आयोगाने अनुदान देताना मालमत्ता कराचे किमान दर ठरवण्याची आणि वसुली वाढती ठेवण्याची अट घातली, तेव्हा वरूनही रेटा आहे. दर वर्षानुवर्षं वाढवले नाहीत हेही खरं. निवडणूक आली की कोण वाढवतो? तुम्ही दर वाढवा. उघडपणे वाढवा. ५२ चौरस मीटरला १२ चे १५ केलेत तर मी कुरकुर करीन आणि भरीन. पण दर वाढवायची हिंमत नाही म्हणून आमच्या बाल्कन्या वाढवायच्या, भाचे भाडेकरू करायचे आणि शिलाई मशीनचे कारखाने करायचे, हा मागच्या दाराचा धंदा झाला.

दराचाच विषय निघाला म्हणून. पुढच्या वर्षाचे करांचे दर २० फेब्रुवारीपर्यंत ठरवायचे, हे कायद्यात आहे, आणि ते लोकांनी निवडलेल्या सभागृहाने ठरवायचे आहेत. मधली कितीतरी वर्षं राज्यातल्या बऱ्याच महापालिकांत नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते. भाडेकरूला दुप्पट दर हा कोणत्या ठरावाने आला, कोणत्या तारखेला, हे मी दोनदा विचारलं. ‘ते आधीपासून आहे’ हे उत्तर मिळालं.

मी हरकत घेतली नाही असंही नाही. नवी आकारणी कळवणारी विशेष नोटीस ३ जूनच्या तारखेची होती, आमच्या पेटीत पडली १९ जूनला. हरकतीला मुदत २१ दिवस. राहिले पाच, त्यातले दोन शनिवार-रविवार. तरी २३ तारखेला अर्ज दिला, सोबत आधार, रेशनकार्ड, वीजबिल, सोसायटीचं पत्र. सुनावणी लागली सप्टेंबरात, मुख्य कार्यालयात, सकाळी अकराची. त्या अकरा वाजताची चिठ्ठी असलेले किमान पन्नास-साठ लोक तिथे होते. खुर्च्या बारा. एक आजी जिन्याच्या पायरीवर बसल्या होत्या, हातात पिशवी, पिशवीत सगळी कागदपत्रं आणि पाण्याची बाटली. माझा नंबर पावणेतीनला लागला. अधिकारी सौजन्याने बोलले, तेही सांगतो. म्हणाले, ‘भाडेकरू नाही याचा पुरावा द्या.’

साहेब, असलेल्या भाडेकरूचा पुरावा असतो. करार असतो, पोलीस ठाण्यात दिलेली माहिती असते, भाड्याची पावती असते. नसलेल्याचा कुठून आणू? कुठल्या कचेरीत मिळतो तो दाखला? मी विचारलं की तुमच्याकडे असल्याचा काय पुरावा आहे, तर त्यांनी स्क्रीनवरची नोंद दाखवली. म्हणजे तुमच्या नोंदीला पुरावा तुमचीच नोंद. पुण्यात हेच जरा मोठ्या प्रमाणावर झालं. स्वतः राहणाऱ्याला १९७० पासून मिळत आलेली ४० टक्के सवलत २०१८ मध्ये थांबली, २०२३ मध्ये सरकारने पुन्हा दिली, आणि मग ती मिळावी म्हणून हजारो लोकांना पीटी-३ नावाचा अर्ज भरून, सोबत पुरावे जोडून सांगावं लागलं की आपल्या घरात आपणच राहतो. तिथे निदान अर्ज तरी होता, त्याला शेवटची तारीख होती आणि ती वाढवूनही मिळाली.

सुनावणीनंतर ‘निर्णय कळवण्यात येईल’. अजून कळवलेला नाही. बिल मात्र सुनावणीच्याही आधी, जुलैमध्येच आलं होतं, नव्या मूल्याने आणि शास्तीसकट. आता यातली गंमत बघा. कलम ४०६ खाली मला न्यायाधीशांकडे अपील करता येतं. मुदत १५ दिवसांची. पण त्याआधी तुमच्याकडे केलेल्या तक्रारीचा निकाल लागलेला हवा आणि मागणीची रक्कम भरलेली हवी. निकाल तुम्ही देत नाही, म्हणून अपील होत नाही. अपील होत नाही, म्हणून मागणी कायम. मागणी कायम, म्हणून महिन्याला २ टक्के चालूच. तुम्ही फाईल उघडायला जितका उशीर कराल तितका दंड मला. त्यासाठी वकील लावायची माझी ऐपत नाही. २३ हजारांसाठी वकील करणारा माणूस मला अजून भेटलेला नाही आणि तुम्हालाही हे ठाऊक आहे.

बरं, म्हटलं, वाद नाही तेवढे तरी भरून टाकू. जुन्या दराचे २,८३० रुपये. खिडकी क्रमांक ४ वर गेलो. ‘सिस्टीम पूर्ण रक्कमच घेते.’ मोबाईलवर पोर्टल उघडून बघितलं, तिथेही रकमेच्या चौकटीत बोट ठेवता येत नाही, २३,६०२ आधीच छापलेले. पैसे घेऊन उभ्या असलेल्या माणसाला परत पाठवणारं दुकान मी दुसरं पाहिलेलं नाही. आणि तीन महिन्यांनी याच माणसाचं नाव थकबाकीदारांच्या यादीत, जमलं तर चौकातल्या फलकावर.

उलट जे खरोखर भरत नाहीत त्यांची काळजी तुम्ही नीट घेता. दर एक-दोन वर्षांनी अभय योजना. शास्तीत ७५ टक्के माफी, कधी त्याहून जास्त. आमच्या चौकातला एक गाळेवाला उघड सांगतो, ‘काका, घाई कशाला करता, मार्चमध्ये माफी येते.’ वेळेवर भरणाऱ्याला किती? ३० जूनच्या आत भरलं तर पाच टक्के. बिल आलं ११ जुलैला. त्या पाच टक्क्यांचं काय करायचं ते तुम्हीच ठरवा.

मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना १ जानेवारी २०२२ पासून मालमत्ता कर नाही. ती सवलत आम्हालाही द्या, असं बरेच जण मागतात. मी मागत नाही. फुकटात पाणी आणि रस्ते होत नाहीत, हे एसटी रोज तोट्यात चालताना पाहिलेल्या माणसाला सांगायची गरज नाही. मुंबईची दुसरी गोष्ट मात्र तुम्ही लक्षात ठेवावी. २०१० पासून तिथे भांडवली मूल्यावर, म्हणजे भाड्याऐवजी घराच्या किमतीवर, आकारणी सुरू झाली, त्या नियमांपैकी २०, २१ आणि २२ हे तीन नियम उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये रद्द केले आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच कायम ठेवलं. एवढी मोठी महापालिका, तिचंही गणित चुकू शकतं. मग आठ मिनिटांत टॅबवर केलेली नोंद चुकूच शकत नाही, असा हट्ट कशाला?

मागण्या साध्या आहेत. बहुतेकांना एक रुपया लागत नाही.

१. बिलाच्या पाठीवर हिशोब छापा: क्षेत्रफळ, दर, वापर, बांधकामाचं वर्ष, वार्षिक भाडेमूल्य, वजा दहा टक्के, करयोग्य मूल्य. त्या लिपिकाने पावतीच्या मागे लिहिला तेवढाच. जप्तीची कलमं थोडी वर सरकवलीत की जागा होते. आणि दर ज्या ठरावाने आला त्या ठरावाचा क्रमांक व तारीख.

२. सर्वेक्षणाच्या दिवशीच मोजमापाचा नकाशा आणि ‘वापर काय लिहिला’ याची प्रत घरात असलेल्या माणसाच्या हातात द्या, त्याची सही घ्या. मालक नसेल तर पुन्हा या. भाडेकरू लिहायचा असेल तर करार बघून लिहा.

३. हरकत प्रलंबित असेपर्यंत वादातल्या रकमेवर शास्ती लावू नका, आणि वाद नसलेली रक्कम खिडकीवर व पोर्टलवर घ्या.

४. हरकतीचा निकाल लेखी, कारणांसह, ठरलेल्या दिवसांत. किती दिवस ते तुम्ही जाहीर करा, ६० म्हणा, ९० म्हणा. त्या मुदतीत निकाल दिला नाहीत तर जुनी आकारणी चालू राहील, असं परिपत्रक काढा. सुनावण्या प्रभाग कार्यालयात घ्या, माणसांना वेगवेगळ्या वेळा द्या, खुर्च्या ठेवा.

५. उशिराच्या दंडाला ‘उशिराचा दंड’ म्हणा आणि अनधिकृत बांधकामाच्या शास्तीला वेगळं नाव द्या.

६. बिल हातात पडल्याच्या तारखेपासून सवलतीचे दिवस मोजा.

७. घरातल्या घरात एका मशीनवर शिवणकाम, शिकवणी, पापड-लोणची करणाऱ्या बायकांची खोली बिगरनिवासी धरायची की नाही, हे सर्वेक्षणाच्या पोरांवर सोडू नका. सभागृहात ठराव करा, काय ठरेल ते आम्हाला कळू द्या. तळमजल्याच्या त्या बिलाची फेरतपासणी माझ्या आधी करा.

तुमच्या कार्यालयात सगळेच वाईट आहेत असं माझं म्हणणं नाही. ज्याने मला हिशोब लिहून दिला तोही तुमचाच माणूस. त्याने तो देताना आजूबाजूला बघितलं, आवाज खाली केला, जणू काही मला कसलीतरी गुपित चिठ्ठी देतोय. दहा टक्के वजा आणि बेचाळीस टक्के कर, यात लपवायचं काय आहे?

येत्या सोमवारी सकाळी साडेदहाला मी खिडकी क्रमांक ४ वर येतोय. २,८३० रुपयांचा डिमांड ड्राफ्ट काढलेला आहे, महानगरपालिकेच्या नावे, मागे मालमत्ता क्रमांक लिहून. सोबत तळमजल्याच्या वहिनी असतील, त्यांच्याकडे त्यांच्या जुन्या दराचे पैसे रोख आहेत, सुट्ट्यांसकट. ते घ्यायला आणि पावती फाडायला खिडकीवर आधी सांगून ठेवा. सिस्टीम घेत नसेल तर हातपावतीचं पुस्तक काढा. मी एकोणीस वर्षं हाताने तिकिटं फाडली आहेत, भरायला मदत करीन.

आपला,
दुसऱ्या मजल्यावरचा एक करदाता
(निवृत्त वाहतूक नियंत्रक, रा. प. महामंडळ)